देवळीतला एका दिवसाचा देव

मूर्तिजापूरच्या मालधक्क्यावर कारकून होतो तेव्हा माझं बूड एका जागी टिकत नसे. कोणतीही गाडी सुटली की वाटे, आपणच मागे राहिलो. अशात एक बंगाली दिग्दर्शक तिथल्या अरुंद रुळांच्या छोट्या आगगाडीवर सिनेमा काढायला आला.

तो माझ्याहून सवाई. फाळणीत पूर्व बंगालातलं घर सुटलं, मग कलकत्त्यात मास्तरकी, मग सिनेमा. पहिले दोन सपशेल पडले, तरी दुसऱ्याचं लिहिलेलं घेणार नाही. पटकथा स्वतः लिहायची, तीही येरझारा घालत, उभ्यानंच. नट नकोत, समोर दिसेल त्याला उभं करायचा. तो मोडक्या हिंदीत संवाद सांगे, मी वऱ्हाडीत उतरवून देई. एके दिवशी म्हणाला, "पिक्चर पूरा करो, फिर कलकत्ता चलो. मेरे साथ लिखना." झालं. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. 

त्याला शहरात निघालेल्या मुलासाठी देवाला हात जोडणारी आई हवी होती. आमचं घर त्याला पसंत पडलं, आईही. फक्त भिंतीतल्या देवळीत देव नव्हते. आम्ही बौद्ध झालो तेव्हा आईनं ते आपल्या हातानं काढले होते. तिथं आता मिठाचा डबा असायचा. "एक दिन के लिए भगवान रख दो," तो म्हणाला. मी आईला न विचारता हो म्हणून बसलो. कलकत्त्याचं तिला सांगितलं होतं, हे सांगायला जीभ रेटेना. शूटिंगच्या सकाळी ती पाण्याला गेली तेवढ्यात बाजारातून आणलेली मूर्ती मी देवळीत ठेवली, वर दोन फुलंही वाहिली.

आई आली तर दारात माणसं, आत कॅमेरा. तिनं घागर उतरवली, देवळीकडे पाहिलं.

"हे कोनं ठेवलं?"

"म्याच. सिनेमातलं हाय आई, खरं नाही. हात तेवढे जोड."

"मंग तू जोड हात. मले कावून सांगतं? जाचं तुले हाय."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. दिग्दर्शकाला शब्द कळले नाहीत, तिचं तोंड कळलं असावं. त्यानं वहीत तिथल्या तिथं प्रसंग बदलला: आई बाजूला उभी, हात जोडतो तो मुलगा. मुलाचं काम अजून कुणाला दिलं नव्हतं. मला म्हणाला, "तुम ही करो."

नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं की कलकत्ता गेलं. मी हात जोडले. आई सांगितल्या जागी उभी राहिली.

पुढं चार वर्षं मी त्याच्याजवळ लिहिलं. त्याचं नाव झालं, माझं नाही. तो सिनेमा अमरावतीला लागला तेव्हा गावी येऊन आईला घेऊन गेलो. परतताना गाडीत मी सारखा चुळबुळत होतो. ती आता बोलेल, मग बोलेल. बडनेरा मागे पडल्यावर म्हणाली,

"त्या पोराच्या मायले लय वाईट वाटलं असन."