कोरड्या अंगाचा आकडा

लाँड्रीतल्या वाफेच्या मोठ्या इस्त्रीवर मुकादमबाईंनी बावीस वर्षं काढली होती. त्यांच्या हाताखालून निघालेल्या चादरीवर सुरकुती औषधालाही सापडत नसे. आणि एके दिवशी शिफ्ट सुटताना साहेबांच्या नव्या काट्याने निकाल दिला: अंगात चरबी सदतीस टक्के. पस्तीस टक्क्यांच्या वरच्यांनी गरम खात्यात राहायचं नाही, असा नवा नियम. बाईंसकट सात जणी त्यात अडकल्या. आता सोमवारपासून तळघरात मोजे जुळवत बसायचं.

"बदलीच्या कागदावर सही करा," साहेब म्हणाले.

"नाही करत."

सून दवाखान्यात नर्स. रात्री घरी तिने सगळं ऐकून एकच विचारलं, "आई, दिवसभरात पाणी किती प्यालात?"

"दोन घोट. संडास दोन मजले वर. गेलं की साहेबांच्या कपाळाला आठ्या."

"मग बरोबर. तो काटा अंगातून बारीक वीज सोडतो. पाणी असेल तिथून ती सहज जाते. अंग सुकलं की अडखळते, आणि काटा त्याला चरबी समजतो."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि जायलाच हवी होती. आधी माणसाला सुकवायचं, मग त्यालाच लठ्ठ म्हणायचं! "उद्या सकाळी तांब्याभर ढोसून जाते," त्या म्हणाल्या.

"ऐन वेळी नको. ते पोटातच राहतं आणि नुसतं वजन वाढवतं. उद्या दिवसभर थोडं थोडं प्या. परवा सकाळी कामाआधी, उपाशीपोटी काट्यावर चढा."

दुसऱ्या दिवशी बाई सात वेळा जिना चढल्या.

"आज ड्यूटी जिन्यावर का?" साहेबांनी विचारलं.

"प्यालेलं बाहेर येणारच. तुमचं नाही येत?"

खालच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी, कामाला हात लावायच्या आधी, बाई काट्यावर उभ्या राहिल्या. चौतीस. साहेबांनी उतरवून पुन्हा चढवलं. चौतीसच.

"ठीक आहे. तुमचं नाव काढतो. जा, इस्त्री सुरू करा."

बाईंना जीव भांड्यात पडल्यासारखं झालं. पण पाय काही काट्यावरून हलले नाहीत.

"अजून सहा जणी आहेत."

"त्यांची तक्रार नाही."

"माझी आहे. आज त्या पोटभर पाणी पितील, वाटेल तेव्हा वर जातील. उद्या सकाळी त्यांना पुन्हा मोजा. तोवर वाफ सोडणार नाही."

वाफ कधी, किती सोडायची ते बाईंशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. खाली चादरींचे ढीग पडले होते.

"बरं, मोजू. उतरा आता."

"लिहून द्या," बाई म्हणाल्या, "मग उतरते."