शेठचे पाय

"तोंड नको बघू गं, पाय बघ, पाय." आमच्या ऑपरेटरबाईंचं हे पालुपद होतं.

भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात मी बिलं टाइप करायचे, समोर त्या फोन सांभाळायच्या. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला होता, तरी शेठना रुबाबासाठी ऑपरेटर लागायचीच. शेठच्या केबिनच्या काचेला वरपासून टेबलाच्या उंचीपर्यंत दुधी कागद होता, खाली काच मोकळी. आत शेठ कुणावर गरजले की आम्हाला दिसायचे ते फक्त त्यांचे पाय. आवाज वाघाचा आणि खाली बूट काढून आखडलेली बोटं, पायावर पाय घासणं चाललेलं. छडी खायला उभ्या राहिलेल्या पोरासारखं. तुमच्या ऑफिसातही वाकून बघा कधी.

रविवारी बाई उत्तनच्या कोळीवाड्यातल्या घरी तेच रंगवायच्या. मोठाल्या कॅनव्हासवर वर टेबलाची जड कड, खाली व्यापाऱ्यांचे, साहेबांचे पाय. "ह्यांची मर्दानगी सगळी टेबलावर हाय. खाली काय न्हाय," म्हणायच्या. प्रदर्शनवाले सांगायचे, समुद्र काढा, होड्या काढा. उत्तनची बाई म्हटली की लोकांना होड्याच हव्यात!

ऑफिसला नवा रंग दिला तेव्हा शेठ म्हणाले, "सुना है आप पेंटिंग करती हैं? एक लाओ ना." बाईंनी मुद्दाम शेठचेच पाय आणले.

"अहो, नोकरी जाईल," मी म्हटलं.

"जाऊ दे. एकदा त्याला सोताला बघू दे."

शेठ चित्रासमोर येऊन उभे राहिले. कान लाल झाले. मग त्यांनी बूट काढले आणि हात जोडले. "बापूजी के चरण!" बापूजी म्हणजे कारखाना काढणारे त्यांचे दिवंगत वडील.

बाई धीर करून म्हणाल्या, "शेठ, ये आपके पाँव हैं."

"वही तो! मेरे पाँव बापूजी पे ही गए हैं."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवसापासून चित्राला हार, उदबत्ती, आखडलेल्या बोटांवर कुंकू. सगळं ऑफिस सकाळी तिथे वाकायचं. आठवलं की अजून माझं डोकं फिरतं.

"पायांचे चरण केले गं मेल्यांनी!" बाई चडफडायच्या. महिनाभरात त्यांनी नोकरी सोडली.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक माणूस आला आणि शेठच्या केबिनच्या काचेला दुधी कागद थेट जमिनीपर्यंत चिकटवून गेला. मी वाकून बघितलं, आता पायही दिसत नव्हते.

त्याच रविवारी मी उत्तन गाठलं. बाईंच्या घराला कुलूप. शेजारीण ओट्यावर सुकट पसरत होती.

"ती लेकीकडं दुबईला गेली. आता न्हाय यायची. काय काम हुतं?"

"काम नव्हतं," मी म्हटलं. "शेठनं चित्र बघितलं, एवढंच सांगायचं होतं."