फासा राहू दे, बोलून दाखव

"पासो रहेवा दे. बोलीने बताव."

मौलिकने फाशावरचा माझा हात बाजूला केला. फासा राहू दे, बोलून दाखव. टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडे बघायला लागले.

रविवारची दुपार होती. वेसूतला, शहराच्या पैसेवाल्या भागातला, त्याचा फ्लॅट. एसी चालू होता तरी माझ्या पाठीला घाम फुटला.

मी साड्यांच्या प्रिंटची डिझाइनं काढते. कृपा माझ्याच ऑफिसातली. तिनेच मला या खेळात आणलं. टेबलाभोवती बसून खेळायची ही गोष्ट असते. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात. इथे गोष्ट सांगणारा मौलिक. प्रत्येकाला सुरुवातीला गुण वाटून घ्यायचे असतात. कुणी ताकदीत घालतो, कुणी तलवारीत. अवघड काम आलं की फासा टाकायचा, त्यात आपले गुण मिळवायचे. आकडा मोठा आला तर काम फत्ते.

मी माझे सगळे गुण बोलण्यात घातले. मी राजदूत झाले. समोरच्याचं मन वळवणारी.

का, ते कुणाला सांगितलं नव्हतं. ऑफिसात माझी डिझाइनं व्यापाऱ्यांसमोर कृपा मांडते. शेठच म्हणाले होते, तारी भाषा जराक एवी छे. तुझी भाषा जरा तशी आहे. तशी म्हणजे डिंडोलीची, आमच्या मराठी कामगारांच्या वस्तीची. घरात अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर हिंदी, आणि या सगळ्यातून चाळून निघालेली गुजराती. मी बोलायला उभी राहिले की जीभ जड होते. म्हणून हा नियम वाचला तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. मी अडखळले तरी माझी राजदूत अडखळणार नव्हती. तिचं काम फासा करणार होता.

तर गोष्टीत आम्ही किल्ल्यासमोर होतो. बाहेर दुष्काळातून आलेली माणसं बसली होती. राजाला सांगून दार उघडवायचं, हे माझं काम. राजा म्हणजे मौलिकच.

मी उभी राहिले. म्हणाले, "महाराज, मारा लोको दरवाजा बहार उपाशी छे."

उपाशी. मला भूख्या म्हणायचं होतं. घाईत घरचा शब्द आला.

समोर बसलेला ध्रुव आधी हसला. मग सगळे. कृपाही, तोंडावर हात ठेवून. मौलिक राजाच्या आवाजात म्हणाला, "आ राजदूत नथी. आ तो डिंडोलीवाळी बाई छे. एने रसोडामां मोकलो."

ही राजदूत नाही, डिंडोलीची बाई आहे. हिला स्वयंपाकघरात पाठवा.

आणि खरंच पाठवलं. उरलेली दुपारभर माझं पात्र किल्ल्याच्या स्वयंपाकघरात भांडी घासत होतं. बाकीचे लढत होते. माझी पाळी आली की मौलिक विचारी, "बाई, रोटली थई?" पोळ्या झाल्या?

आणि मी हो म्हणत होते. हसत होते. त्यांच्याबरोबर, माझ्यावरच. याची शरम त्यांच्या हसण्यापेक्षा मोठी.

घरी आल्यावर आईने विचारलं, "काय व्हयनं माय? तोंड काब्र उतरेल शे?" तोंड का उतरलंय?

"कंई नथी," मी म्हणाले. आईला. गुजरातीत. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.

पुढच्या रविवारी जायचं नाही असं ठरवलं होतं. गेले. का गेले, मला आजही नीट सांगता येत नाही.

त्या दिवशी ध्रुवच्या पात्रापुढे तळघराचं लोखंडी दार आलं. ध्रुव किडकिडीत पोरगा. पाण्याचा जार उचलायला वॉचमनला हाक मारतो. खेळात मात्र तो पहिलवान. त्याने फासा टाकला. गुण मिळवले. दार तुटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी टाळी वाजवली नाही.

"त्याला दार तोडायला सांग," मी मौलिकला म्हणाले.

"एटले?" म्हणजे?

"तुझ्या बेडरूमचं दार आहे ना. ध्रुवला म्हणावं, तोडून दाखव. फासा राहू दे."

मी मराठीत बोलत होते. ज्याला डिंडोलीची चेष्टा करता येते, त्याला मराठी कळतंच.

"अरे, आ तो गेम छे," मौलिक म्हणाला.

"मग माझ्या वेळी काय होतं? त्याची ताकद कागदावर चालते. माझं बोलणं कागदावर का चालत नाही?"

माझा आवाज फाटला होता. कृपा मोबाइल बघायला लागली.

"मला राजासमोर परत उभं कर," मी म्हणाले. "मी फासा टाकणार."

मौलिकने खांदे उडवले. "नाख."

टाकला. चार पडले. सगळे गुण मिळवूनही कमी पडले. राजाने दार उघडलं नाही. माणसं बाहेरच राहिली.

"जोयुं?" मौलिक म्हणाला. बघितलंस?

बघितलं. मी हरले. पण फाशाने हरले. माझ्या तोंडामुळे नाही.

खाली पार्किंगमध्ये कृपा म्हणाली, "इतनी सी बात का क्या बुरा मानना? मजाक था. आते रविवार को तू आएगी ना?"

शरम अजून अंगावर होती. ती काही एका दुपारी जात नाही. भांडी घासत हसलेली मी मला दिसत होते, आजही दिसते.

मी तिला सांगितलं, येईन. राजदूत म्हणूनच येईन. आणि नियम ध्रुवला लागतो तसाच मला लागेल, नाहीतर त्या टेबलावर खेळ होऊ देणार नाही. कुणाचाच.

हे मी मराठीत सांगितलं. "क्या?" ती म्हणाली.

मी परत सांगितलं. मराठीतच.