रेघ चढते, रस्ता उतरतो

आमचे अभिमननाना, म्हणजे माझे चुलतसासरे, सोनगीरजवळच्या आमच्या गावचे भगत. खंडेरावाच्या यात्रेत एकामागे एक बांधलेल्या, माणसांनी खच्चून भरलेल्या बारा गाड्या ते ओढतात. यंदा जू नातवाच्या, प्रेमराजच्या खांद्यावर द्यायचं ठरलं आणि नानांना एकच घोर लागला. पोरगं धडधाकट परत येईल ना?

मी अमळनेरला नववीला विज्ञान शिकवते. मागच्या यात्रेत रस्त्याकडेला चुन्याच्या फक्कीने खुणा करून मी मोबाइलवर गाड्यांचा व्हिडिओ घेतला होता. त्यावरून वर्गासाठी आलेख काढला, आडवा वेळ, उभं अंतर. दिवाळीत तो नानांच्या हाती लागला.

"देवळाकडे रस्ता ते उतरस. मंग तुनी रेघ चढस कशी?"

माझा पारा चढलाच. वर्गातली पोरंही हेच विचारून डोकं खातात. "नाना, हे रस्त्याचं चित्र नाही. रेघ चढली म्हणजे गाड्या निघाल्या जागेपासून देवळाकडे सरकल्या. आडवी पडली म्हणजे उभ्या राहिल्या."

म्हातारा सोडतोय कुठला. सुरुवातीला रेघ जराशी खाली वाकली होती, तिथे त्यांनी बोट ठेवलं. "अन् आठे?"

"तिथे गाड्या मागे सरकल्या. चाल म्हणजे नुसतं किती जोरात. वेगात कोणीकडे तेही धरायचं. म्हणून तिथे वेग उणे."

नाना खूश झाले. "कोनलेच कळनं नही. मना कंबरले कळनं व्हतं."

मग बोट सरकत देवळापाशी आलं. तिथे रेघ भिंतीला टेकवलेल्या शिडीसारखी उभी होती.

"रेघ जितकी उभी तितकी चाल जास्त," मी सांगितलं.

नानांनी त्या उभ्या रेघेवरून बोट फिरवलं. "तठे मी वढतच नव्हतू. गाड्याच माले पळाडत व्हत्यात."

त्याच जागी गाव आयुष्यभर त्यांना डोक्यावर घेत आलं होतं. मला फार वाईट वाटलं. कशाला दाखवला मेला आलेख, असं झालं.

यात्रेच्या दिवशी नानांनी उतार लागायच्या आधीच रस्त्यावर फक्कीची रेघ ओढली. देवळापर्यंत का नाही म्हणून गाव कुरकुरलं. नानांनी कोणाला दाद दिली नाही. प्रेमराज रेघेपाशी आला, माणसांनी चाकांखाली ओंडके सरकवले आणि गाड्या थांबल्या. टाळ्या फारशा पडल्या नाहीत.

नानांनी नातवाच्या पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे वळले. "आते रेघ कशी शे?"

"आडवी, नाना."

ते तिथेच फक्कीवर बसले आणि रडले.