सुधाकरनं डोक्यात ठेवलेली नेटवर्कं

१८ नोव्हेंबर, मंगळवार. ऑफिस उघडल्यावर पहिलं काम म्हणून सर्व्हरवरचा हार काढला. सुधाकरला जाऊन सहा आठवडे झाले. शोकसभेतला त्याचा फोटो कुणीतरी त्या मशीनला टेकवून ठेवला होता आणि वर झेंडूचा भरगच्च हार घातला होता, नेमका गरम हवा बाहेर पडते त्या जाळीवर. मशीन तापून घरघरत होतं, पण भक्तांना त्याचं काय! हार कचऱ्यात टाकला, फोटो खणात ठेवला आणि दिवसाच्या खऱ्या कामाला बसले. दुसऱ्या दिवशी सकाळी सुधाकरच्या नावाची सगळी नेटवर्कं पाडायची होती, त्याची तयारी करायची होती.

नागपुरात जरीपटक्याच्या बाजारात एका साडीच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. पॅथॉलॉजी लॅबचे रिपोर्ट पेशंटच्या मोबाइलवर पोचवणारं सॉफ्टवेअर आम्ही चालवतो. माणसं तीन. हिशेब आणि गिऱ्हाइकं माझ्याकडे, प्रोग्रॅम रजनीकडे आणि सर्व्हर सुधाकरकडे. सर्व्हरमध्ये प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या बंद खोलीत राहतो. त्या खोलीला कंटेनर म्हणतात. दोन खोल्यांना एकमेकींशी बोलायचं असेल तर त्यांना एका गल्लीत आणावं लागतं, आणि ती गल्ली म्हणजे नेटवर्क. काळ्या पडद्यावर एका ओळीचा आदेश टाइप केला की गल्ली तयार. हे मला अकरा वर्षांत समजलं ते एवढंच, आणि तेही रजनीकडून. सुधाकरनं कधी कुणाला काही समजावल्याचं मला आठवत नाही.

बातमी त्याच्या बायकोनं फोनवर दिली. "ताई, हे गेले..." एवढंच ती बोलू शकली. कोराडीच्या त्यांच्या क्वार्टरमध्ये, आंघोळीला जाता जाता. मी भाजी घेत होते. हातातली मेथी खाली ठेवली आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो पासवर्डचा. लाज वाटायला हवी होती, वाटली नाही. शोकसभेत मात्र सगळ्यांना गहिवरून आलं. कुणी त्याला जादूगार म्हटलं, कुणी म्हटलं त्याच्या बोटांत सरस्वती होती. मी मागच्या खुर्चीवर बसून ऐकत होते. जादूगाराचं एक सांगते, त्याला प्रेक्षक लागतात, सोबती चालत नाहीत. तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा धरून सुधाकर आदेश टाइप करायचा, एंटर मारायचा आणि लगेच पडदा पुसायचा. मागचे आदेश मशीन लक्षात ठेवतं, तेही पुसायचा. नेटवर्कांना नावं दिली होती सुधाकर-एक, सुधाकर-दोन, सुधाकर-तीन. रस्त्याला स्वतःचं नाव द्यायला नगरसेवकसुद्धा मरेपर्यंत थांबतो.

मी एकदा विचारलं होतं, "काहून गा, लिहून काहून नाही ठेवत?"

"मी कुठं मरून राहिलो वं ताई?" तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो.

त्याहून वाईट हसू मला आठवतं ते रजनीचं. ती नवी होती तेव्हा त्याच्या मागे उभं राहून एका वहीत त्याचे आदेश टिपून घ्यायची. दोन पानं भरली असतील. त्यानं वही ओढून घेतली आणि मोठ्यानं वाचली. "अवं रजनी, हे काय पाककृती हाय काय? दोन वाट्या कंटेनर, चिमूटभर नेटवर्क, मंद आचेवर शिजू द्या!" मी हसले. रजनीही हसली, कान लाल करून. त्या दिवसानंतर तिनं वही आणली नाही. वही बंद करायला लावणाऱ्याला शोकसभेत गुरूही म्हटलं गेलं, आणि हसणारी मी मान हलवत बसले होते, हे लिहिताना लपवण्यात अर्थ नाही.

तीन आठवड्यांपूर्वी मशीनची डिस्क गेली. पेशंटच्या माहितीची प्रत होती, प्रोग्रॅमची होती. नेटवर्कं तेवढी कुठेच लिहिलेली नव्हती. ती ज्या डोक्यात होती ते अंबाझरी घाटावर जळलं होतं. रजनीनं नवं मशीन लावलं, आठवून आठवून आदेश टाइप केले, नावंही मोठ्या आदरानं तीच दिली. संध्याकाळपर्यंत सगळ्या लॅब सुरू झाल्या, एक रामटेकची सोडून. दोन दिवस रजनी त्या पडद्यापुढे बसली. तिसऱ्या दिवशी तिनं राजीनामा माझ्या टेबलावर ठेवला. "ताई, मले नाही जमत. सुधाकरभाऊ असते तं पाच मिनिटांत झालं असतं." तेवढ्यात रामटेकच्या लॅबमधल्या शोभाताईंचा फोन आला. तिथं त्या सगळे रिपोर्ट हातानं लिहून देत होत्या.

"काय वं मॅडम, सुधाकरभाऊ गेले अन् मशीनबी संगं घेऊन गेले काय? लोकं शुगरच्या रिपोर्टसाठी पायरीवर बसून राहिले ना!"

मी म्हटलं, आमचं जुनं नेटवर्क कसं होतं ते कुणालाच ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, "असं कसं? त्याइनं आमच्या राउटरच्या बुडाले लिहून ठेवलं हाय. मांगं दिवसभर बसले होते इथं, घाम पुसत."

त्यांनी फोटो पाठवला. राउटर उलटा धरलेला, आणि खाली स्केचपेननं, सुधाकरच्या तिरक्या अक्षरात: "१७२.१८ इथलं आहे. नागपूरला हा पट्टा द्यायचा नाही. विसरू नको."

रजनीनं वाचलं आणि तिला लगेच उमगलं. नेटवर्क तयार करताना त्यातल्या खोल्यांच्या पत्त्यांचा पट्टा, म्हणजे १७२.१८ सारखा आकडा, आपण सांगितला नाही तर मशीन मनानं निवडतं. त्यानं निवडला तो रामटेकच्या लॅबमधलाच. नागपुरात दोन ले-आउटमध्ये, म्हणजे दोन वसाहतींत, चौदा नंबरचा प्लॉट असतो आणि पोस्टमन जवळच्या दारात पत्र टाकून मोकळा होतो, तसं रामटेकला जाणारं उत्तर आमच्याच सर्व्हरमध्ये फिरत राहत होतं. रजनीनं ते नेटवर्क पाडलं, वेगळा पट्टा सांगून पुन्हा बांधलं. अर्ध्या तासात रामटेक सुरू झालं. मी राजीनामा फाडला.

तर हे त्या सरस्वतीचं गुपित. त्यालाही आठवत नव्हतं! तोही अडला होता, बसनं रामटेकला जाऊन दिवसभर घाम पुसत बसला होता आणि विसरू नये म्हणून त्यानं पाककृती लिहिली होती... फक्त आम्हाला दिसणार नाही अशा जागी. परत आल्यावर म्हणाला होता, "पाच मिनिटांचं काम होतं." त्याच्या आळसाला मी माफ केलं असतं. या खोटेपणाला नाही.

मंगळवारी मी रजनीला म्हटलं, सगळे आदेश क्रमानं एका फाइलमध्ये लिही, कागदावरही काढ. सुधाकरचं नावही काढायचंय. नेटवर्कचं नाव नुसतं बदलता येत नाही, पाडून नव्यानं बांधावं लागतं, तर उद्या तेही करू.

ती पडद्यावरून नजर न हलवता म्हणाली, "चालू हाय ते काहून पाडायचं? अन् लिहाचं कायले ताई, माझ्या ध्यानात हाय ना सगळं."

हे सुधाकरचंच बोलणं होतं. फक्त तीन आठवडे लागले होते. संध्याकाळी मी पुन्हा मागितला तेव्हा तिनं कागद दिला, अर्धं पान, तोंड वाकडं करून.

बुधवारी सकाळी साडेसहाला आम्ही दोघी ऑफिसात होतो. उपाशीपोटीचे नमुने आठनंतर यायला लागतात. सुधाकरच्या खुर्चीवर मी बसले. ती त्याच्या वजनानं डावीकडे कलली आहे, बसणाऱ्यालाही कलायला लावते. रजनीला मागे उभं केलं आणि एका बोटानं, कागद वाचत, सगळी नेटवर्कं पाडली. मग नव्या नावांनी बांधायला लागले. दुसऱ्या ओळीवर रजनी चुळबुळली.

"ताई, तिथं पट्टा सांगाचा राहिला. मी सांगतो, घ्या..."

"सांगू नको. लिही."

तिनं कागद ओढून घेतला आणि आकडा लिहिला, शेजारी रामटेकचं कारणही लिहिलं. मी ते वाचून टाइप केलं. सव्वासातला शोभाताईंनी पाठवलेला चाचणीचा रिपोर्ट पडद्यावर आला. मी सगळं पुन्हा पाडलं, खुर्चीतून उठले आणि कागद रजनीच्या हातात दिला.

"आता तू बांध. मी बोलणार नाही."

तिनं आधी खुर्ची बदलली, मग कागद समोर उभा करून ठेवला आणि पहिली ओळ मोठ्यानं वाचली.