अकरा बाळासाहेब आणि एक फेटा

"आरं, मी जिता हाय का मेलो, तेवढं तरी सांगा!" बाळासाहेबमामा केडगावच्या आमच्या दारात, मोटारसायकल स्टँडवर न लावताच ओरडले. (गाडी आडवी झाली. उचलायची कुणाची छाती झाली नाही!) आत साखरपुड्याच्या पाटामागे, मामाच्या मानाच्या जागेवर, फेटा बांधून दुसरेच बाळासाहेब बसले होते. हे अण्णांचे, म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ. बांधाच्या भांडणावरून आमच्याशी बारा वर्षं अबोला!

हा सगळा प्रताप माझा. मी नोंदी ठेवायचं ॲप बनवत होतो. क्लाउडवर जागा घेतली होती सगळ्यात स्वस्तातली, कोंबडीच्या खुराड्याएवढी. ती पुरावी म्हणून एआयला शिकवलं, एकसारख्या नोंदी दिसल्या की त्यांची एकच कर. आणि पुढची पत्रंबित्रंही तूच लिहून धाड!

"अण्णा, तुम्ही फक्त पाहुणे लिहा," मी म्हणालो. "बाकी ॲप बघेल."

ॲपने बघितलं. आमच्या नात्यात 'बाळासाहेब' अशी हाक मारली, तर अर्धी पंगत पानावरून उठते! एआयने अकरा बाळासाहेब कुटून त्यांचा एक केला. शेवटची नोंद चुलतकाकांची, म्हणून नंबर त्यांचा. तिथे अण्णांनी ठसक्यात लिहिलं होतं, 'बांध कोरतो. याला बोलवायचं नाही.' पण उरलेल्या दहा नोंदी 'बोलवा' म्हणत होत्या. मग काय, बहुमत!

काकांना आमंत्रण गेलं ते असं : 'प्रिय बाळासाहेब, आपण मुलीचे मामा. मानाचा फेटा आपलाच. आपल्या गुडघ्यांसाठी खुर्ची आणि कवळीसाठी मऊ भात ठेवला आहे. आपण बांध कोरत असलात, तरी अवश्य यावे.'

काका गहिवरले. टेम्पो भरून खानदान घेऊन आले!

इकडे आईने सकाळी सहज भावाला फोन लावला, "निघालास का?"

राळेगणहून आवाज आला, "कुठं?"

आता माझी बहीण रूपाली हात पाठीमागे घेऊन बसली. "माझा मामा मागं बसल्याशिवाय मी अंगठी घालून घेणार नाही!" नवरदेव अंगठी धरून ताटकळलेला, त्याची आई घड्याळाकडे बघतेय, आणि अण्णा माझ्याकडे. (घड्याळाचं नशीब बरं.)

काका ओशाळून उठले. "तरी म्हनलं, आमचा येवढा पुळका कसा आला!"

मामांचा पारा तिथंच उतरला. "बसा वो! बारा वर्सांनी आलेला मानूस उठवून लावायचा व्हय? सरका जरासं."

दोघे एका सतरंजीवर मांडीला मांडी लावून बसले. फेटा मामांच्या डोक्यावर गेला, मामांची टोपी काकांच्या. रूपालीने हात पुढे केला, अंगठी चढली, टाळ्या पडल्या. उरलेले नऊ बाळासाहेब मामांनी फोन करकरून पंगतीपर्यंत गोळा केले.

मी पेढा घेऊन मामांपुढे गेलो. "मामा, चूक एआयची हो. त्याला अकरा माणसं एकच वाटली."

मामांनी पेढा तोंडात टाकला.

"ते नवीन हाय. तू तर सख्खा भाचा ना?"