मीटरवाले अण्णा

मी रिक्षात नीट बसायच्या आत अण्णांनी मीटर टाकलेला असे. "आधी मीटर, मग गोष्टी," म्हणत. बसवनगुडीच्या स्टँडवर भाड्यावरून हुज्जत न घालणारे तेवढे एकच.

मी साताऱ्याहून नोकरीसाठी या कन्नड शहरात आलेली, एकटी. ऑफिसात इंग्रजी आणि हिंदी. मराठी बोलायला मिळे ती अण्णांच्या रिक्षातली वीस मिनिटं. त्यांचं मराठी घराणं कित्येक पिढ्यांपासून इथल्याच चामराजपेटचं. "स्वल्प दम धरा अक्का, पुढं गर्दी हाय," अशी त्यांची मराठी. बायको गेल्यापासून तेही एकटेच होते. एकदा मी तापानं दोन दिवस घरी होते, तर दुपारी इडल्यांचा डबा घेऊन फाटकाशी उभे. "दिसला नाय, म्हणून आलो."

फोनवरून गाड्या मागवणं वाढलं तसा स्टँड ओस पडत गेला. अण्णांचा राग गाड्यांवर नव्हता. "माझा बिल्ला बघतात, पर्मिट बघतात, गाडी तपासतात. दर सरकार ठरवतं. पावसात ह्या फोनवाल्यांचा दर वाढला तर कुणाला विचारायचं? त्यांना बंद करा म्हणत नाय मी. मला विचारता ते त्यांनाबी विचारा, एवढंच."

मला ते पटायचं. पण आमचं ऑफिस इलेक्ट्रॉनिक सिटीत गेलं. तेवढ्या लांब रिक्षानं रोज जाणं जमेना. मीही फोनवर गाडी मागवू लागले, आणि अण्णांना दिसू नये म्हणून मागच्या गल्लीत बोलवू लागले. सांगायचं धैर्यच झालं नाही.

एका सकाळी ड्रायव्हर चुकून थेट स्टँडवर येऊन थांबला. मला तिथं जावंच लागलं. अण्णा रिक्षाची काच पुसत होते. माझ्याकडे पाहिलं, हातातलं फडकं खांद्यावर टाकलं आणि पुढे होऊन त्यांनीच गाडीचं दार उघडलं. "बसा अक्का, उशीर होईल." ड्रायव्हरला कन्नडमध्ये म्हणाले, सावकाश ने. मी गाडीत बसले.

रविवारी जाऊन बोलू, असं ठरवण्यात दोन महिने गेले. मी गेले तेव्हा स्टँडवर एकच रिक्षा होती, दुसऱ्याच कुणाची. तिचा चालक म्हणाला, "अण्णांनी गाडी विकली. होसूरला मुलीकडं गेले. तुमची वाट बघायचे."

मी फोन काढला. अण्णांचा नंबर माझ्याकडे नव्हता. इतक्या वर्षांत त्याची कधी गरजच पडली नव्हती.